तंतुवाद्यांचा घरगुती कारखाना : मिरजेचा वृत्तांत व नाशिककरांस त्याचा उपयोग

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं दप्तरें, शिलालेख, ताम्रपट आणि नाणीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुने कागद गोळा केले, तेव्हांपासून महाराष्ट्रांत कागदाचें मोल वाढलें, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्या माणसांनीं आयुष्यांत कागदावर रेघ ओढली नाहीं, लांकडावर व लोखंडावर मात्र हजारों रेघा ओढल्या, त्यांचा इतिहास कोठें शोधावयाचा? आमच्या मतें तो त्यांच्या हत्यारांत, त्यांच्या घरच्या कारखान्यांत आणि त्यांच्या हातून उतरलेल्या वस्तूंत शोधला पाहिजे. प्रस्तुत लेखांत अशा एका धंद्याचा, म्हणजे तंतुवाद्यें घडविण्याच्या धंद्याचा, विचार करावयाचा आहे.

विषय सुचण्याचें कारण नाशिकचें आहे. शहरांतून पश्चिमेस गंगापूर गांवाच्या व धरणाच्या दिशेनें जाणारा गंगापूर रस्ता आज दुतर्फा वस्तीनें भरला आहे. तेथील तरुणांच्या खांद्यावर गिटार दिसणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. त्यांपैकीं कोणास तें वाद्य दुकानांतून न आणतां, घरांतील एकादी खोली मोकळी करून, स्वतःच्या हातानें घडवावेंसें वाटलें, तर त्यानें आरंभ कोठून करावा? असा प्रश्न मनांत आलेला मनुष्य बहुधा परदेशी पुस्तकें धुंडाळतो आणि हत्यारांची लांबलचक यादी करून बसतो. हाच प्रश्न, वाद्य वेगळें असलें तरी, मराठी मुलुखांतील एका गांवानें सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं सोडविला आहे, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. तें गांव मिरज.

२

मिरजेची सतारमेकर गल्ली गवयांस व वादकांस ठाऊक नाहीं असें नाहीं. सतार व तंबोरा करणारीं तेथील घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. शिकलगार म्हणजे तरवारी, भाले, जंबिये यांस धार व झिलई देणारा कारागीर. झिलई या अर्थाचा ‘सैकल’ हा अरबी शब्द या नांवाच्या मुळाशीं आहे. कारागिरांची परंपरा अशी सांगते कीं, इ. स. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब व मोइनुद्दीन या शिकलगारांनीं प्रथम गवयांचीं मोडकीं वाद्यें दुरुस्त करण्याचें काम हातीं घेतलें; त्यांतून नवीं वाद्यें घडविण्याचें कौशल्य त्यांस साधलें; आणि संस्थानाधिपति पटवर्धन यांचा आश्रय त्या कामास मिळाला.

शस्त्रें गेलीं म्हणून शिकलगार वाद्यांकडे वळले, हें कारण सर्वत्र दिलें जातें. तें ग्राह्य आहे; मात्र त्याचा काळ नीट लावला पाहिजे. पुष्कळांस येथें इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आठवतो. परंतु तो कायदा १८७८ सालचा. आणि सत्तावनच्या बंडानंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीमही परंपरेनें दिलेल्या सालानंतरचीच. मग १८५० च्या आसपास धंदा बदलण्यास कारण काय? आमच्या मतें तें १८१८ मध्यें शोधावें. पेशवाई बुडाली, स्वाऱ्या थांबल्या, आणि दरसाल मोहिमेपूर्वीं तरवार शिकलगाराकडे पाठविण्याचा परिपाठ संपला. एका पिढीनें ती ओहोटी कशीबशी सोसली. दुसऱ्या पिढीनें नवा धंदा शोधला. कायद्याच्या आधीं गिऱ्हाईक नाहींसें झालें होतें, एवढाच याचा अर्थ.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. धंदा बदलला तरी हात बदलले नाहींत. पात्याला धार कशी धरावी, सपाटीवरचा सूक्ष्म उंचवटा बोटानें कसा ओळखावा, घासतां घासतां कोठें थांबावें, हें ज्ञान शिकलगाराजवळ पूर्वींच होतें. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढणें म्हणजे हाडाच्या वा लांकडाच्या पृष्ठावर केंसाएवढी वक्रता आणणें. तें काम तरवारीच्या झिलईहून जातीनें फार निराळें नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, आरंभ दुरुस्तीपासून झाला. मोडकें वाद्य उघडणाऱ्यास तें कोठें तडकलें, कोणत्या जागीं सांधा सुटला, जुन्या कारागिरानें कोठें लांकूड राखलें व कोठें काढलें, हें सर्व एकाच वेळीं दिसतें. नवें वाद्य करणाऱ्यास हें शिक्षण मिळत नाहीं.

मिरजेचा व नाशिकचा संबंधही येथें नमूद केला पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ मध्यें कुरुंदवाडचा. त्यांचें संगीताचें शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजकडे झालें. १९०१ मध्यें त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. उत्तर आयुष्य त्यांनीं नाशिकास रामनाम आधार आश्रमांत काढलें, आणि १९३१ मध्यें मिरजेसच देह ठेवला. अर्थात् ज्या गांवानें गवई घडविला त्याच गांवानें तंबोरेही घडविले, आणि त्या गवयाचे अखेरचे दिवस बव्हंशीं गोदावरीच्या कांठीं गेले. नाशिककरांनीं मिरजेकडे परक्या दृष्टीनें पाहूं नये, तें यासाठीं.

३

आतां कृतीकडे वळूं. तंबोऱ्याचे मुख्य अवयव असे : खालीं भोपळा, त्याच्या तोंडावर बसविलेली लांकडी तबली, भोपळ्यास जोडणारा गळा, त्यापुढें पोकळ दांडी, तबलीवर घोडी, आणि वरच्या टोंकास खुंट्या. भोपळा खाण्याचा नव्हे. तो जाड सालीचा, कडू जातीचा असतो आणि मिरजेस मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढें या बाजूनें, भीमेच्या खोऱ्यांतून, येतो. तो पुरता वाळल्यावर पाण्यांत भिजवून कापतात, आंतील गर व बिया काढून साफ करतात, आणि तोंड आकसूं नये म्हणून आंत काटक्यांचा आधार देऊन पुन्हां सुकवितात. दांडी व तबली यांस तुणीचें लांकूड वापरण्याची चाल आहे. तें बहुधा कर्नाटकाच्या रानांतून येतें. सांधे सरसानें जोडावयाचे आणि शेवटीं लाखेची झिलई द्यावयाची.

या कृतींत वेळेचा मोठा भाग वाळण्यांत जातो. कारागीर भोपळा फार आधीं आणून ठेवतो, लांकूडही फार आधीं घेऊन ठेवतो, आणि मगच त्यांस हात लावतो. याचें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड हवेंतील ओल शोषतें व सोडतें. ओल घेतां तें रेषांच्या आडव्या दिशेनें फुगतें, सोडतां त्याच दिशेनें आकसतें. लांबीच्या दिशेनें मात्र फरक नांवापुरताच होतो. ओल्या दिवसांत चिकटविलेली पातळ फळी कोरड्या दिवसांत आकसूं पाहते, सांधा तिला आकसूं देत नाहीं, आणि ती तडकते. सतारीची तबली असो वा गिटारीची, नियम एकच.

तुणीविषयीं एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्पेनमध्यें गिटारीची दांडी परंपरेनें ज्या ‘सेद्रो’ नामक अमेरिकी लांकडाची करतात, तें झाड आणि आपली तूण हीं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं जवळचीं भावंडें होत. पूर्वीं तुणीची गणना त्याच जातींत होत असे. लांकूड हलकें, करवतीस मऊ, आणि वाळल्यावर फारसें न वांकणारें हवें, ही गरज दोन्हीं ठिकाणीं एकच होती. म्हणून परस्परांस न ओळखणारे कारागीर एकाच कुळाच्या झाडापर्यंत पोंचले. गिटारीच्या पाठीस व कडांस जगभर वाखाणली जाणारी शिसवी तर दक्षिण हिंदुस्थानचीच.

४

तंबोरा व गिटार यांत साम्य इतकें असतां भेद कोठें आहे, हें पाहिल्यावांचून मिरजेचा धडा गिटारीस लावतां येणार नाहीं. पहिला भेद घोडीचा. गिटारीची तार एका अरुंद, स्वच्छ कडेवर टेकते. ती तेथें किंचित् जरी झणझणली तरी तो दोष समजतात. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा अत्यल्प वक्र असतो, आणि तारेखालीं सुताचा धागा सरकवून तार त्या माथ्यास जेमतेम स्पर्श करील अशी बसवितात. कंप पावणारी तार पुनःपुनः माथ्यास भिडते व त्यामुळें उपस्वरांचा तो भरगच्च गुंजारव उठतो, यास जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या सुमारास या घोडीचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, तार ज्या बिंदूवर छेडली तेथें ज्या उपस्वराचा कंप शून्य असतो तो उपस्वर उठूं नये, हा पाश्चात्य शास्त्राचा नियम तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर लागू पडत नाहीं. जो उपस्वर उठूं नये तोही येथें स्पष्ट ऐकूं येतो.

तारेच्या घर्षणानें घोडीवर चरे पडतात व जवारी बिघडते; मग वाद्य पुन्हां कारागिराकडे न्यावें लागतें. म्हणजे तंबोरा विकला गेला तरी त्याचा व कारागिराचा संबंध तुटत नाहीं. ही व्यवस्था होती म्हणूनच दुरुस्ती हा मिरजेच्या धंद्याचा कणा राहिला.

दुसरा भेद पडद्यांचा. तंबोऱ्यास पडदेच नसतात. सतारीचे पडदे दोऱ्यांनीं बांधलेले, म्हणून वादक ते रागाप्रमाणें वरखालीं सरकवितो. कारागिराची चूक वादकाचा कान सुधारून घेतो. गिटारीचे पडदे मात्र पट्टीमध्यें कायमचे ठोकलेले असतात. तेथें सुधारणेस वाव नाहीं. कानाचें काम मोजपट्टीनें आधींच करून ठेवावें लागतें. त्याचा हिशेब असा. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे, म्हणून प्रत्येक पडद्यावर उरलेल्या तारेच्या लांबीस १७·८१७ नें भागावें व येईल तेवढें अंतर पुढें जावें. तारेची मोकळी लांबी ६५० मिलिमीटर धरली तर पहिला पडदा ३६·५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. जुने कारागीर १७·८१७ ऐवजीं १८ नें भागीत. हा नियम १५८१ मध्यें इटलींत विन्चेंझो गॅलिली यानें नमूद केला आहे. त्या नियमानें बारावा पडदा मध्यापासून सुमारें सव्वादोन मिलिमीटर अलीकडे पडतो व स्वर किंचित् उतरतो. परंतु तार पडद्यावर दाबतांना ताणली जाऊन स्वर थोडा चढतोच. त्यामुळें ही चूक बव्हंशीं भरून निघे. जुना अडाणी दिसणारा नियम पुष्कळदां अनुभवानें घोटलेला असतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

५

घरच्या कारखान्याचा विचार करतांना गिटारीच्या इतिहासांतील एक माणूस टाळतां येत नाहीं. स्पेनमधील अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा मूळचा सुतार. आजच्या गिटारीचा आकार व तबलीखालील पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना रूढ करण्याचें श्रेय मुख्यतः त्याचें. म्हणजे मिरजेस शिकलगार सतारीकडे वळत होते त्याच सुमारास तिकडे हा सुतार गिटारीकडे वळला होता. उतारवयांत तो अल्मेरियास काचसामान व चिनी मातीचीं भांडीं यांचें दुकान चालवी आणि उरल्या वेळांत घरीं वाद्यें करी. १८६२ मध्यें त्यानें एका गिटारीची पाठ व कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या केल्या. तबली मात्र उत्तम लांकडाची. स्वर मुख्यतः तबलींत आहे, हें सिद्ध करण्यासाठीं हा खटाटोप होता. तें वाद्य आज बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे.

तोरेसविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, आपलें रहस्य अंगठा व तर्जनी यांच्या टोकांत आहे, तें मागें ठेवतां येणार नाहीं, असें तो म्हणे. तबलीची जाडी तो बोटांनीं दाबून ओळखीत असे, हा त्याचा आशय. परंतु त्याच्या पश्चात् होसे रोमानियोस या कारागिरानें, जो स्वतःही मूळचा सुतारच, तोरेसच्या उपलब्ध वाद्यांचा कसून अभ्यास केला, त्यांचीं मापें घेतलीं आणि १९८७ मध्यें त्याचें चरित्र व कार्य यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटांतलें रहस्य सर्वस्वीं परत आलें असें नव्हे. पण त्याचा पुष्कळ भाग मापांच्या रूपानें पुढच्या पिढ्यांच्या हातीं आला.

६

वरील वृत्तांतावरून गंगापूर रस्त्यावरील आमच्या हौशी गृहस्थास कांहीं गोष्टी सांगतां येतील.

पहिली गोष्ट धारेची. शिकलगारांचा धडा हाच कीं, हत्यारें थोडीं असलीं तरी चालतील, पण बोथट असतां कामा नयेत. एक चांगला रंधा, दोनतीन पटाश्या, बारीक दातांची करवत, कानशी, गुण्या, पोलादी मोजपट्टी आणि लांकूड खरवडण्याची पोलादी पत्ती एवढ्यावर आरंभ होतो. यंत्रापूर्वीं उत्तम निसणा घ्यावा आणि महिनाभर धार लावण्याचाच अभ्यास करावा. गिटारीची तबली दोन ते तीन मिलिमीटर जाडीची असते, आणि सहा पोलादी तारांचा एकत्र ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. एवढा भार एवढ्या पातळ फळीनें सोसावयाचा, तर तिच्यावर बोथट पात्यानें काढलेली एक ढलपीही पुढें महागांत पडते.

दुसरी गोष्ट हवेची. नाशिकची हवा पावसाळ्यांत दमट आणि उन्हाळ्यांत अत्यंत कोरडी. यापुढें कारागिराचें कांहीं चालत नाहीं, म्हणून त्यानें कामच ऋतूप्रमाणें लावून घ्यावें. तबलीस व पाठीस पट्ट्या चिकटविणें, पेटी बंद करणें हीं कामें मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत करावीं. आषाढ-श्रावणांत साचे तयार करावेत, दांडी कोरावी, हत्यारें लावावीं व दुरुस्तीचीं कामें घ्यावीं. भिंतीवर एक आर्द्रतामापक टांगावा. त्याचा कांटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असतां सांधे जोडावेत. मिरजेचा कारागीर हें हवा हुंगून ठरवी. नवशिक्यानें कांट्यावर विश्वास ठेवावा.

तिसरी गोष्ट उजेडाची व जागेची. खिडकी कामाच्या पाटाच्या बाजूस असावी. डोक्यावरच्या दिव्याखालीं फळी सपाट दिसते. तिरप्या उजेडांत तिच्यावरची प्रत्येक लाट सांवलीनें उघड होते. कडा वांकविण्यासाठीं तापविलेली लोखंडी नळी लागते; ती खिडकीपाशीं व लांकडाच्या भुशापासून दूर ठेवावी. शिसवीची बारीक भुकटी कित्येकांच्या त्वचेस व श्वासास बाधते; म्हणून तोंडावर पट्टी बांधावी आणि ज्या खोलींत लेंकरें निजतात तेथें हें काम करूं नये. जुन्या नाशकांत तांबटांचे कारखाने घराच्या दर्शनी भागांत असत व माणसें आंत राहत. धंदा व संसार यांमध्यें उंबरठा असावा, ही ती जुनी वहिवाट सोयीचीच होती.

चौथी गोष्ट क्रमाची. नवें वाद्य करण्यापूर्वीं दोन मोडकीं वाद्यें स्वस्तांत मिळवून उघडावीं व नीट करावीं. मिरजेचा धंदा याच वाटेनें उभा राहिला. वैयक्तिक शिक्षणासही हीच वाट सरळ आहे. आणि पडद्यांची पट्टी प्रथम साध्या सागाच्या तुकड्यावर आंखून, बारावा पडदा मध्यावर येतो कीं नाहीं तें पाहून, मगच खऱ्या लांकडास करवत लावावी.

७

आतां शेवटचा मुद्दा. १८५० च्या सुमारास मिरजेंत जें घडलें त्याविषयीं आज आमच्याजवळ मुख्यतः घराण्यांच्या तोंडची परंपरा आहे. इ. स. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नांव राखणें वेगळें आणि हात राखणें वेगळें. विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यानें गवयाची सोय केली, पण जवारीसाठीं कारागिराकडे जाण्याचें कारण तितकें कमी केलें. तो संबंध तुटला म्हणजे दुरुस्तीची शाळाच बंद पडते, आणि मग उत्तम वाद्य पाहून तसेंच दुसरें करणारा मनुष्य मिळणें कठीण होतें.

यासाठीं आमच्यासारख्या संशोधक मंडळांनीं दप्तरांबरोबर वाद्यांचीही टिपणें करावीं, अशी आमची सूचना आहे. काम खर्चाचें नाहीं. जुना तंबोरा वा सतार घरीं असल्यास पुढील गोष्टी लिहून ठेवाव्या : घोडीपासून अटीपर्यंत तारेची लांबी, भोपळ्याचा घेर, दांडीची रुंदी वर, मध्यें व खालीं, तबलीची जाडी, जेथें मोजतां येईल तेथें, घोडी कशाची व तिच्या माथ्याची रुंदी किती, आंत वा बाहेर चिकटविलेली चिठ्ठी व तीवरील अक्षरें, आणि वाद्य कोणी, केव्हां, कोठून आणलें याची घरांतील माहिती. दुरुस्तीच्या खुणा पुसूं नयेत. त्याच सर्वांत बोलक्या असतात. अशीं शंभर टिपणें जमलीं तर मापें काळाप्रमाणें कशीं बदललीं, कोणत्या घराण्याचा साचा कोणता, आणि परंपरेनें सांगितलेला काळ वाद्यांशीं जुळतो किंवा नाहीं, हे प्रश्न पुराव्यानिशीं विचारतां येतील.

गंगापूर रस्त्यावर जो कोणी पहिली गिटार घडवील त्यासही आमची हीच विनंती आहे. लांकूड कोणतें, जाडी किती, सांधा कोणत्या महिन्यांत जोडला, स्वर कसा निघाला, हें त्यानें एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें आणि फसलेल्या वाद्याचीं मापें तर अधिकच काळजीनें लिहावीं. फरीदसाहेबांच्या हाताखालच्या पोरांस वहीची गरज नव्हती, कारण गुरु शेजारीं बसलेला होता. ज्यास असा शेजार नाहीं त्याचें काम वहीवांचून चालणार नाहीं. आणि पन्नास वर्षांनीं नाशिकच्या या धंद्याचा इतिहास लिहूं पाहणारास पहिलें साधन म्हणून तीच उपयोगीं पडेल.